बांगड्यांच्या दिवशीचा ताप

"मावशी, आंत नक्को येऊं. तिथेंच थांब."

रिक्षातून उतरताना वसंताने अंबाबाईंच्या दंडाला हात दिला होता, आणि हात लागताक्षणीच तिला कळलं होतं. अंग चटका बसावा इतकं तापलेलं.

"कां ग? काय झालं?"

"तुज ताप आहे."

"बसमध्ये वारं लागलं. काल जरा कसकसत होतं, गोळी घेतली, झालं." अंबाबाई हसल्या आणि हसता हसता खोकल्या, थेट वसंताच्या तोंडावर. ज्या हाताने स्वतःचं तोंड पुसलं, तोच त्यांनी मायेने वसंताच्या गालाकडे नेला. वसंता मागे सरली. सत्तरी पार केलेल्या त्या बाईंचा हात हवेतच राहिला.

आत वळैकाप्पूची, म्हणजे तमिळ रीतीने गरोदर बाईला बांगड्या भरायच्या सोहळ्याची, तयारी झाली होती. वसंताची सून लावण्या सातव्या महिन्यात होती. हिरवी रेशमी साडी नेसून ती पाटावर बसली होती, समोर ताटांत काचेच्या बांगड्यांची चळत. पहिली बांगडी अंबाबाई भरणार होत्या. त्यासाठीच त्या तिरुविडैमरुदूरहून आल्या होत्या. नवरा, मुलं, नातवंडं, सगळं गोकुळ असलेली बाई. शिवाय आई गेल्यावर वसंताला आणि तिच्या धाकट्या बहिणीला त्यांनीच वाढवलेलं.

धाकटी बहीण, सुष्मिता. तिचं नाव या घरात कुणी घेत नसे. स्वाइन फ्लूची साथ आली त्या वर्षी ती अशीच सात महिन्यांची होती. अशाच बांगड्या, असाच गोतावळा. दोन दिवसांनी तिला ताप आला. गरोदरपणात यायचाच, असं म्हणून सगळे काढे करत बसले. आठवडा संपायच्या आत ती आणि पोटातलं बाळ दोघंही गेली. तिच्या हातांतल्या बांगड्या दवाखान्यातल्या नर्सने कापसात धरून एकेक फोडल्या होत्या. तो बारीक आवाज वसंताच्या कानांतून आजवर गेला नव्हता.

तेव्हापासून ती माणसांचे खोकले ओळखू लागली होती. तिरुभुवनमच्या विणकर सोसायटीत साड्या तपासून घडी घालायचं तिचं काम. टेबलापलीकडे कुणी शिंकलं की तिची घडी चुकायची. ती उठून खिडकी उघडायची, साबणाने हात धुऊन यायची. सोबतच्या बाया हसत. रात्री घर निजलं की जिन्यावर तिला कोरडा खोकला ऐकू यायचा. दोनदा, थांबून पुन्हा एकदा. तो कुणाचा हे तिला ठाऊक होतं. नवऱ्याला तिने कधी सांगितलं नाही.

"अम्मा, सगळे थांबलेत." मुलगा विश्वेश बाहेर आला. त्याच्या मागोमाग लावण्याची आई श्रीदेवी.

"मावशीला फ्लू असेल, विश्वेश. ती माडीवर जाईल, बाहेरच्या जिन्याने."

श्रीदेवीचा चेहरा उतरला. "एवढं वडील माणूस दारांतून परत? आजच्या दिवशीं? पोरीस लस टोचविली नां तुम्हीच, मग आतां भय कसलं?"

"लस मागल्या आठवड्यांत टोचली. अंगात मुरायला दोन आठवडे लागतात. आणि लस घेतली म्हणजे कधीच होणार नाही असं नाही." वसंता दार अडवून उभी राहिली. "हा ताप श्वासातून जातो. खोकल्याचा तुषार, त्या हाताचा स्पर्श, तेवढं पुरतं. पोटुशीच्या फुप्फुसांत उतरला तर वेळ देत नाही."

अंबाबाईंनी पदर नाकातोंडावर घट्ट ओढून घेतला आणि त्या जिन्याकडे वळल्या. कुणीतरी मागून अपशकुन हा शब्द उच्चारलाच.

"तुम्ही तरी चला," श्रीदेवी म्हणाली. "सासूने ओटी भरायची असते."

वसंताने उघड्या दारातून आत पाहिलं. लावण्या मान उंचावून तिलाच शोधत होती.

"मी पण नाही येत. मावशी माझ्या तोंडावर खोकली. मला आज काही होत नसलं तरी ते माझ्या अंगात शिरलं असेल, आणि ताप चढायच्या आधीच मी ते दुसऱ्याला देईन." ती विश्वेशला म्हणाली, "डॉक्टर राजगोपालना फोन कर. आमचं जेवण जिन्यावर ठेवत जा. आणि खालच्या खिडक्या उघडा, एवढी माणसं कोंडून बसू नका."

माडीवर तिने दोन्ही खिडक्या सताड उघडल्या, दोघींना मास्क लावले. डॉक्टर येऊन तपासून गेले. वय जास्त, म्हणून फ्लूच्या गोळ्या लगेच सुरू केल्या. दम लागला तर क्षणभरही न थांबता दवाखान्यात आणा म्हणाले. खालून बायकांचं गाणं वर येत होतं. मध्येच काचेची किणकिण. वसंताने कानांवर हात ठेवले.

दुपारी ताप चढला. अंबाबाईंचे डोळे अर्धवट उघडे होते, पण त्या कुठे बघत होत्या ते कळत नव्हतं. वसंता कपाळावर ओली पट्टी ठेवायला वाकली तशी त्यांनी तिचं मनगट पकडलं.

"सुष्मी, श्वास घे ग. थोडका तरी घे."

वसंता थिजली. इतक्या वर्षांत मावशीच्या तोंडून ते नाव तिने ऐकलं नव्हतं. त्या शेवटच्या दिवशी खाटेपाशी मावशीच होती.

"घेत नाहींस कां? मज ऐकू येईना."

मी वसंता, असं सांगायला तिने तोंड उघडलं. पण ती पकड, तो आर्जवी स्वर. तिने मोठ्याने एक श्वास घेतला, मावशीला ऐकू जाईल असा.

"घेतें आहें, मावशी. आतां बरं वाटतें."

"दुखतें?"

"नाहीं."

अंबाबाईंची बोटं हळूहळू सैल पडली. त्या झोपल्या. वसंता मात्र तशीच श्वास घेत बसून राहिली.

दोन दिवसांनी तिलाही ताप भरला. दोघी त्या खोलीत शेजारी शेजारी पडून राहिल्या, जिन्यावर ठेवलेला रसम-भात खात. खाली कुणालाही काही झालं नाही. लावण्या रोज अंगणात उभी राहून मोठ्याने विचारायची, "अम्मा, आज कसं आहे?" श्रीदेवी मात्र वर न बघता जात राहिली.

बरं वाटल्यावर वसंता मावशीला बसस्टँडवर सोडायला गेली. अंबाबाई खूप वाळल्या होत्या. बसमध्ये चढून खिडकीशी बसल्या आणि बाहेर वाकून म्हणाल्या, "तापांत मी काही बरळलें काय ग?"

"नाही, मावशी."

"मज वाटलें, सुष्मी जवळ बसली होती," अंबाबाई म्हणाल्या. मग पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीकडे आणखी सरकल्या. बस भरत आली होती. हातात भाजीची टोपली घेतलेल्या एका बाईने शेजारच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून कुणी आहे का विचारलं.

अंबाबाईंनी त्या जागेवर हळूच हात ठेवला.

"आळ् इरुक्कु," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. माणूस आहे.