गाळातला माणूस

घरचं बोअर झाल्यापासून शंकरप्पाच्या जुन्या विहिरीकडे कुणी वळून बघितलं नव्हतं. चाकूरकडच्या त्या शिवारात सगळ्यांनी तिचा उकिरडा करून टाकला होता. लिंबाचा पाला, फवारणीचे रिकामे डबे, खताच्या पिशव्या, मेलेलं कुत्रं. एका वर्षी रोग आला तेव्हा पोत्यात भरलेल्या कोंबड्याही तिच्यातच गेल्या. यंदा बोअर आटलं तेव्हा शंकरप्पाला विहीर आठवली आणि त्यानं लोह्याहून चांदपाशाची यारी बोलावली.

यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभं करायचं लोखंडी क्रेन. डिझेलचं इंजिन, तारेचा दोर आणि दोराला जाड पत्र्याची बादली. खाली माणूस गाळ भरतो, वर यारी ओढते. चांदपाशाच्या यारीवर त्याची बायको बानो बसायची. एका उन्हाळ्यात चांदपाशाचं मनगट मोडलं तेव्हा ती क्लच-ब्रेक शिकली. पुढं त्याचा हात बरा झाला, पण ती जागा तिच्याकडेच राहिली, कारण तिची बादली खाली आदळत नसे. विहिरीत उतरायचा व्यंकटी. तो देगलूरकडचा, अंगानं काटक आणि बोलायला कमी. त्याची बायको मल्लम्मा वर बादली रिकामी करायची.

या कामाचा वास अंगातून जात नाही. व्यंकटी वर आला की मल्लम्मा त्याच्यावर पाणी ओतायची, राखेनं हात घासून द्यायची, तरी नखांत काळं राहायचंच. भाकरी तो हातात न घेता कागदात धरून खायचा. गावातले लोक विहीर बघायला यायचे आणि नाकाला रुमाल लावून लांबूनच परत जायचे.

दुसऱ्या दिवशी व्यंकटीनं वरचा मऊ गाळ संपवला. खाली दबून बसलेल्या चिखलाचा कडक थर लागला. त्यानं टिकाव मागून घेतला. थर फुटला तशी सडक्या अंड्यांसारखी घाण वरपर्यंत आली. चांदपाशानं वाकून त्याला वर यायला सांगितलं, पण एवढा थर फोडतो आणि मगच जेवायला येतो, असं व्यंकटी म्हणाला. कमरेच्या फेऱ्याला गाठलेला, वर काठापर्यंत जाणारा दोरही त्यानं सोडून टाकला होता. टिकाव मारताना दोर पायांत येत होता. कमरेचा फेरा आणि त्याचं एवढंसं शेपूट तेवढं राहिलं.

थोड्या वेळानं खालून त्याचा आवाज आला, "आता वास न्हाई येत. गेला."

मल्लम्माला बरं वाटलं. बानोला मात्र ते खटकलं, कारण काठावर बसून तिला तो वास अजून येत होता. तिनं इंजिन हळू केलं आणि नवऱ्याला म्हणाली, त्याला आत्ताच्या आत्ता वर घ्या. चांदपाशानं हाक मारली. खालून उत्तर आलं नाही.

ऊन डोक्यावर असल्यानं तळ स्वच्छ दिसत होता. व्यंकटी टिकाव सोडून गाळाच्या ढिगावर बसला होता, दमलेला माणूस बसतो तसा. मग तो कुशीवर कलंडला.

मल्लम्मानं त्याचं नाव घेऊन टाहो फोडला. चांदपाशानं चपला काढल्या, लोंबत्या बादलीत एक पाय घातला आणि तारेला धरून बायकोला खूण केली, सोड.

बानोनं ब्रेक दाबून धरला.

"तुमे नक्को उतरो," ती म्हणाली.

तो ओरडला नाही. व्यंकटी मरायला लागलाय, आपण त्याला आणलंय, एवढंच म्हणाला. तिनं ब्रेक सोडला नाही. तसा तो बादलीतून उतरला आणि विहिरीच्या दगडांतल्या खोबणींकडे गेला. जुन्या काळी त्या धरून लोक उतरायचे. बानोनं ब्रेकची खिटी घातली, धावत जाऊन त्याच्या कमरेला मिठी मारली आणि दोघंही काठावर पडले.

"माझा एक भाऊ असाच विहिरीच्या वायूनं पडला," ती त्याच्या कानाशी बोलली. "दुसरा त्याला काढाया उतरला. दोघांचे जनाजे तुमीच उचलले ना?"

चांदपाशाचं अंग ढिलं पडलं. लग्नानंतरचं पहिलंच वर्ष होतं ते, आणि ते जनाजे त्यानं खांद्यावर घेतले होते.

आता मल्लम्मा बानोवर धावून आली. तिनं बानोचा पदर धरला. "तुझा माणूस ठेव झाकून. माझा सड म्हनावं खाली. मीच जाते, सोड मला." ती खरंच बादलीकडे निघाली. शंकरप्पानं तिला दोन्ही हातांनी धरलं.

बानोनं त्याला विचारलं, "मालक, पडलेली कळशी काढायचा गळ हाय का घरात?"

गळ आखाड्यावर, शेतातल्या खोपटात होता. चार आकड्यांचा, जुन्या काळचा. चांदपाशा अनवाणीच त्या तापलेल्या ढेकळांतून पळाला. तो येईपर्यंत बानोनं रिकामी बादली व्यंकटीच्या वर सोडली आणि खालची हवा हलावी म्हणून वर-खाली, वर-खाली करत राहिली. व्यंकटीचं तोंड ढिगावर आडवं होतं. तो श्वास घेतोय की नाही हे वरून कळत नव्हतं.

गळ आला. चांदपाशानं बादली काढून तो तारेला अडकवला. पण यारीच्या बसायच्या जागेवरून विहिरीचा तळ दिसत नाही. कुणीतरी काठावर पालथं पडून हातानं सांगायला हवं होतं. चांदपाशा सारखा खोबणींकडे बघत होता आणि शंकरप्पाची नजर कमजोर होती.

"मल्लू," बानो म्हणाली, "तू बघ. तू सांगशील तसं मी करते."

मल्लम्मानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण ती काठावर पालथी पडली आणि एक हात मागं उंच धरला.

बानो त्या हाताकडे बघत राहिली. पंजा खाली झुकला की तार सोडायची, मूठ झाली की थांबायचं. गाळानं माखलेला तो हात तेवढा तिला दिसत होता. पहिल्यांदा गळात खताची पिशवी आली. दुसऱ्यांदा सदरा अडकला, व्यंकटीचा खांदा उचलला गेला आणि कापड फाटून तो पुन्हा चिखलात पडला. मल्लम्माचा हात तसाच हवेत राहिला. बानोला वाटलं आता ही उठेल. ती उठली नाही. तिनं पंजा पुन्हा खाली झुकवला. थोडा डावीकडे. अजून थोडा. मग मूठ.

"कमरेचा दोर घावला," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पर एक आकडा पोटाला लागून राहिलाय."

निर्णय तिचाच होता. तिनं मूठ उघडली आणि पंजा वर केला.

बानोनं आजवर कधी इतक्या हळू तार गुंडाळली नव्हती. व्यंकटी दुमडून वर येऊ लागला, डोकं एका बाजूला आणि पाय दुसऱ्या. मध्ये त्याचं कपाळ दगडाला घासलं. आकडा कुशीत रुतत गेला आणि काळ्या चिखलावरून रक्त ओघळलं. तो काठाशी आला तसं चांदपाशानं आणि शंकरप्पानं त्याला काठावर ओढलं.

त्याचे ओठ निळे पडले होते. मल्लम्मानं बोट घालून त्याच्या तोंडातला गाळ काढला. चांदपाशानं छाती दाबली, तोंडानं हवा भरली, परत छाती दाबली. किती वेळ हे चाललं ते कुणालाच पुढं सांगता आलं नाही. शेवटी व्यंकटीच्या घशातून एक घरघर आली आणि तो ओकला.

शंकरप्पाच्या जीपमधून त्याला लातूरला नेलं. वाटेत मल्लम्मानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि बानोनं पदराचा बोळा जखमेवर दाबून धरला होता. दोघींचे गुडघे एकमेकींना लागत होते, तरी मल्लम्मानं तोंड बाहेरच्या बाजूला ठेवलं होतं.

डॉक्टरांनी नळ्या लावल्या, पोटाला टाके घातले आणि सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही म्हणाले. वॉर्डाबाहेर दोघी भिंतीला टेकून बसल्या. अंगाच्या वासानं लोक त्यांच्यापासून लांब सरकत होते.

बऱ्याच वेळानं मल्लम्मानं विचारलं, "आक्का, खाली चांदभाई असते तर? थांबली असतीस तू?"

बानोनं पदरावरचं वाळलेलं रक्त नखानं खरवडलं.

"न्हाई," ती म्हणाली. "उडी टाकली असती म्या. तवा तू मला धरायचंस."

मल्लम्मा तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं तोंडात पदर कोंबला आणि दिवसभरात पहिल्यांदा रडली. बानोनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मल्लम्मानं तो झटकला नाही.

व्यंकटी वाचला. शुद्धीवर आल्यावर तो काही दिवस माणसांची नावं चुकत होता. आणखी एक झालं, त्याचं नाक कामातून गेलं. बोंबील आणि उदबत्ती त्याला सारखीच. आता तो चांदपाशाबरोबर वरच्या कामाला असतो. मल्लम्माला विहिरीचं कामच नको होतं, म्हणून ती औशाकडे द्राक्षाच्या बागांत जाते. सणाला बानोकडे येते, जेवून जाते. त्या दुपारबद्दल दोघी बोलत नाहीत.

शंकरप्पानं विहिरीवर लोखंडी जाळी टाकून कुलूप लावलं. गाळ अजून तसाच आत आहे.