इंगोले बाबूंच्या माऊसचा बाण

सोमवारपासून इंगोले बाबूंच्या कॉम्प्युटरवरचा बाण वेड्यासारखा वागत होता. बाबू एखाद्या मुलाचं नाव टाइप करायला घेत, आणि बाण आपणहून सरकत सरकत वरच्या कोपऱ्यात जाऊन बसे. खाली ओढून आणला की दोन मिनिटं गरीब गाईसारखा उभा राही आणि मग एकाएकी सगळा पडदा आडवा कापत पलीकडे पळे. कधीकधी तर माऊसला हातही लागलेला नसायचा, तरी कुठेतरी क्लिक होऊन भलतंच पान उघडायचं.

जगदेव इंगोले त्या शाळेत एकतीस वर्षं बाबू होते. वाशिम जिल्ह्यातल्या अनसिंगपासून सात-आठ किलोमीटर आत असलेली, दहावीपर्यंतची शाळा. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हा आजूबाजूच्या शाळांतले बाबू कुरकुर करत बसले. इंगोले बाबूंनी मात्र पंचेचाळिसाव्या वर्षी वाशिमला जाऊन रीतसर कोर्स केला. त्याचा त्यांना मोठा अभिमान. यंदा त्या अभिमानाला जरा धक्का बसला होता. संस्थेनं ऑनलाइन कामासाठी रंजीता राठोड नावाची तेवीस वर्षांची मुलगी कंत्राटावर घेतली होती. जवळच्याच बंजारा तांड्यावरून यायची. बाबूंना तासभर लागणारं काम वीस मिनिटांत उरकायची आणि वर विचारायची, "अजून काई हाय का बाबूजी?"

बाणाचं दुखणं सुरू झालं तेव्हा ती आपल्या टेबलावरून उठून आली. माऊस उलटा करून तिनं त्याच्या पोटाखालची काच ओढणीनं पुसली, खाली कोरा कागद ठेवून पाहिला, समोरची वायर काढून शेजारच्या जागी खोचली. घटकाभर बरं वाटलं, की पुन्हा तेच.

"बाबूजी, मागून दुसरं काई लावलेलं हाय का? पाहू का मी?"

"काई नाई मागं," बाबू म्हणाले. त्यांनी स्वतः वाकून पाहिलंच नव्हतं. "अन् माया मशीनीमागं कोणी हात घालाचा नाही. तू तुयं काम कर."

ती गेली.

गुरुवारी दहावीच्या परीक्षेचे फॉर्म भरणं चाललं होतं. सपना नावाच्या मुलीचा फॉर्म समोर होता. विषयांची यादी उघडली आणि बाण घसरला. हिंदीच्या जागी संस्कृत जाऊन बसलं. बाबू कपाळाला हात लावतात न लावतात तोच खालच्या बटणावर क्लिक झालं आणि फॉर्म रवाना. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक प्रसेनजित तायडे यांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत विचारलं, "बाबूजी, एकतीस वर्षांत तुमच्या हातून असं कधी झालं नाही. काय झालं?"

'माहीत नाही' एवढंच म्हणाले असते तर निभलं असतं. पण खोलीत आठ माणसं त्यांच्याकडं पाहत होती, आणि दाराशी रंजीता उभी होती, तिच्यामागं वह्या द्यायला आलेली चार पोरं. बाबूंच्या तोंडून निघून गेलं, "हिले विचारा. हिचा माऊस बिनवायरचा हाय. तिकडं बसून माया कॉम्प्युटर नाचवून राह्यली. तांड्यावरच्या लोकाइले कामावर घेतलं की असंच होते. हात कुठं जाईल, भरोसा नाही."

एका मास्तरांनी चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

रंजीता आत आली. "सर, माया माऊस तिथवर पोचत नाही," ती मुख्याध्यापकांना म्हणाली. "तरी तुमी म्हणत असान तर जमा करतो." तिनं खरंच माऊस आणून त्यांच्या टेबलावर ठेवला. सरांनी तो कपाटात टाकला आणि चौकशी होईस्तोवर तिला ग्रंथालयात पुस्तकांची यादी करायला बसवलं.

त्या दुपारी गेलेली वीज शुक्रवारीही आली नाही; कॉम्प्युटर बंदच राहिला. शनिवारी सकाळची शाळा. साडेअकराला पोरं गेली, मास्तर गेले. बाबू उरलेले फॉर्म तपासत एकटेच बसले होते. शिक्क्याचं पॅड काढायला त्यांनी टेबलाचा खण ओढला, आणि पडद्यावरचा बाण सरळ रेषेत खाली आला.

बाबूंचा हात तिथंच थांबला. त्यांनी खण आत ढकलला. बाण वर गेला. पुन्हा ओढला; बाण खाली. चार वेळा केलं, चारही वेळा तसंच.

खणात हजेरीची जुनी रजिस्टरं खचाखच भरलेली होती. त्यांनी ती एकेक करून बाहेर काढली. तळाशी एक पांढरा, बिनवायरचा माऊस पडला होता, पोटाखाली लाल दिवा मिणमिणत होता. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून वैभवीनं, त्यांच्या मुलीनं, पाठवलेला. हाताला बसत नाही म्हणून चार दिवसांत त्यांनी तो खणात टाकला होता आणि विसरून गेले होते. मग त्यांना आठवलं, मागच्या रविवारी शाळेत येऊन आवराआवर करताना त्यांनीच त्यात नवा सेल घालून पाहिला होता आणि तसाच आत ठेवून वर रजिस्टरं रचली होती. टेबलाला गुडघा लागला की खण हाले, आत माऊस घसरे, की बाण पळे. वरचं रजिस्टर दाबलं गेलं की क्लिक.

ते गुडघ्यावर बसले आणि कॉम्प्युटरच्या मागं हात घातला. नखाएवढा काळा तुकडा तिथं खोचलेला होता, त्या बिनवायरच्या माऊसचे इशारे पकडणारा. रंजीतानं विचारलं होतं, ते हेच.

बाबूंनी तो तुकडा उपटला आणि खिशात घातला. माऊस रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला. मग दाराकडं पाहिलं, कुणी येत नाही ना. त्या पाहण्याची त्यांना पुढं फार लाज वाटायची. चोर असंच पाहतो.

घरी बायकोनं, प्रयागबाईंनी, ताट वाढलं. अर्धी भाकर खाऊन ते उठले.

"काहून जी? पोट बरं नाही का?"

"बरं हाय," एवढंच बोलून ते अंगणात जाऊन बसले. रविवारही तसाच गेला.

सोमवारी बाण मुकाट चालत होता. मुख्याध्यापक स्वतः येऊन पाहून गेले. "म्हणजे तुमचंच खरं निघालं, बाबूजी. पोरीचा माऊस जमा केला अन् कॉम्प्युटर सुधारला. संस्थेला लिहून टाकतो, तिला कमी करा म्हणून."

बाबूंनी मान हलवली. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मान मात्र हलली.

तासाभरानं ते एक जुनी नोंद पाहायला ग्रंथालयात गेले. रंजीता फरशीवर पुस्तकांच्या ढिगात बसून हातानं यादी लिहीत होती. बाबूंना पाहून उभी राहिली. तिनं विचारलं, "बाबूजी, आता बरा चालते का तुमचा कॉम्प्युटर?"

टोमणा असता तर बाबूंना सोसला असता. पण तिनं खरोखरच विचारलं होतं.

नोंद न पाहताच ते परत फिरले, टेबलाखालची पिशवी घेतली आणि मधल्या सुट्टीची घंटा व्हायची वाट पाहत बसले. घंटा झाली तसे शिक्षकांच्या खोलीत गेले. तीच आठ माणसं होती. शिपायाला सांगून त्यांनी रंजीताला बोलावून घेतलं. ती आल्यावर रुमाल सोडला आणि माऊस व तो काळा तुकडा टेबलावर मांडला.

"हा माया हाय," ते म्हणाले. "माया खणात चालू पडून होता. मागचा हा तुकडा म्याच काढला नव्हता. या पोरीनं मले पहिल्याच दिवशी विचारलं होतं, मी पाह्यलं नाही. हिचा काईच कसूर नाही." ते तायडे सरांकडं वळले. "अन् मले हे शनिवारीच समजलं. सर, मघा तुमच्यापुढं मी गप्प राह्यलो. थे लय वंगाळ झालं."

तायडे सरांनी माऊस उचलून पाहिला, खाली ठेवला. "संस्थेला आता काही लिहीत नाही," ते म्हणाले.

बाबू रंजीताकडं वळले. "बेटा, माफ कर मले."

तिनं तो माऊस बाजूला सारला. मग म्हणाली, "माऊसचं जाऊ द्या बाबूजी. मशीन हाय, कोणाले बी समजत नाही कधी. पण तांड्याचं काहून काढलं तुमी? पोरायनं ऐकलं थे. घरी जाऊन सांगतलं. माया बाबानं मले विचारलं, तू काय चोरलं?"

बाबूंनी तोंड उघडलं. एकतीस वर्षांत तांड्यावरच्या किती मुलांचे दाखले त्यांनी आपल्या हातानं लिहिले होते, त्यातल्या कितीजणांना नावानिशी ओळखत होते, हे सांगावं असं क्षणभर वाटलं. पण हे ती विचारत नव्हती. तांड्यावरच्यांबद्दलचं ते एवढी वर्षं मनात कुठं बसलं होतं, त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"चुकलो," ते म्हणाले. "येऊन सांगतो तुया बाबाले."

"या," ती म्हणाली. "पण मी संगं येणार नाही. तुमीच सांगा."

त्याच संध्याकाळी ते तांड्यावर गेले. रंजीताचे वडील हेमसिंग बाजेवर बसले होते. बाबूंनी उभ्यानंच सगळं सांगितलं, काही गाळलं नाही; ते शब्दसुद्धा जसेच्या तसे पुन्हा उच्चारले, आणि उच्चारताना मान खाली गेली. हेमसिंग ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "चार पोरायनं ऐकलं होतं, त्या चार पोरायले बी सांगजा." बसा म्हणाले नाहीत. पाणी मात्र आलं, रंजीताच्या आईनं, ललिताबाईंनी, आणून दिलं. बाबू ते उभ्यानं प्यायले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर बाबूंनी मुलांसमोर सांगितलं. फार सांगता आलं नाही; तीन वाक्यं, तीही अडखळत. मागच्या रांगेत दोघं हसले. सपनाच्या फॉर्मच्या दुरुस्तीचा अर्ज घेऊन बाबू स्वतः अमरावतीला बोर्डाच्या कचेरीत जाऊन आले. रंजीता आपल्या टेबलावर परत बसली. कामापुरतं बोलायची, नीट बोलायची. पण "अजून काई हाय का?" हे तिनं विचारायचं सोडलं, आणि बाबूंनीही तशी अपेक्षा ठेवली नाही. काम असलं की आता तेच उठून तिच्या टेबलापाशी जायचे आणि तिची मान वर होईस्तोवर थांबायचे.