कपाचा कान

"ताई येतेय, तपासणी पथक नाही," नवरा दारातूनच म्हणाला. "रोजचे कप काय वाईट आहेत?"

"रोजचे कप रोजच्या माणसांना," नर्सबाई म्हणाली आणि बशी पुसत राहिली.

वॉर्डात आणि गल्लीत सगळे तिला नर्सबाईच म्हणत. ऑपरेशनचा ट्रे लावायची सवय असल्यामुळे तिचं टेबलही तसंच लागे. चमचा उजवीकडे, रुमाल डावीकडे, मध्ये हात फिरायला जागा. सासूबाई गेल्यावर ही चिनी मातीची भांडी तिच्याकडे आली होती. निळ्या वेलीची, काठावरचा सोनेरी रंग निम्मा उडालेली. कपाटाचं काचेचं दार उघडलं की सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्यात असं तिला वाटे, आणि वळून बघायची छाती होत नसे. रात्रपाळीत कितीतरी गेलेल्या माणसांवर तिनं चादर ओढली होती, तेव्हा कधी भीती वाटली नव्हती. घरात वाटायची.

नणंद आईशी भांडून जी गेली, ती आईच्या शेवटच्या दिवशीही आली नाही. भांडण कशावरून, हे नवऱ्यानं कधी सांगितलं नव्हतं. विचारलं की मूग गिळून बसायचा. शेवटी नर्सबाईनंच फोन करून ताईंना बोलावलं होतं. दोनच भावंडं, तीही अशी तुटलेली, हे तिच्या जिवाला लागलं होतं. आजचा चहा बिघडला, तर ताई पुन्हा या घराची पायरी चढणार नव्हत्या.

खिडकीजवळची खुर्ची ताईंना द्यायची असं तिनं ठरवलं. तिथे कप ठेवताना हात आपोआप फिरला आणि कपाचा कान डावीकडे गेला. ही सासूबाईंची शिकवण. शेवटच्या काळात त्यांची आठवण पार विस्कटली होती. दुपारी, मुलगा कामावर असताना, त्या हट्टानं ही भांडी काढून टेबल मांडायला लावत. "खिडकीकडच्याचा कान डावीकडे कर," असं रोज बजावत. "माणसांचे कान पिळून दमलात, आता कपांचे का आई?" अशी ती थट्टा करायची. पण पेशंटशी वाद घालायचा नाही, हे नोकरीनं शिकवलं होतं. ती सांगितलं तसं करत गेली आणि पुढे ते तिच्या हातातच बसलं.

ताई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, पर्स छातीशी धरलेल्या. सासूबाईंचाच चेहरा दारात बघून नर्सबाईच्या अंगावर काटा आला.

"ये," नवरा म्हणाला.

"आलेय," ताई म्हणाल्या. इतक्या वर्षांनी दोघांना एवढंच सुचलं.

त्या खिडकीजवळ बसल्या. कपाकडे नेलेला हात मध्येच थांबला.

"हा कप असा कोणी ठेवला?"

"मीच. काही चुकलं का?"

"तू सांगितलंस हिला?" ताईंनी भावाला विचारलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं मानेनंच नाही म्हटलं.

"आईंनी शिकवलं," नर्सबाई घाईघाईनं म्हणाली. "शेवटी शेवटी रोज असंच मांडायला लावायच्या. मला वाटलं, भ्रम आहे."

ताईंनी कपाच्या कानावरून बोट फिरवलं.

"आम्ही तिघं होतो गं," मग त्या म्हणाल्या. "धाकटा तापानं गेला, सहा वर्षांचा. डावखुरा होता. इथेच बसायचा. तो गेला आणि आईनं त्याचे फोटो काढून टाकले, कपडे वाटले, ही भांडी कपाटात कोंडली. कोणी विचारलं तर सांगायची, मला दोनच मुलं. आम्ही नाव घेतलं की उठून जायची. शेवटी मी तोंडावर म्हटलं, तू विसरलीस त्याला. तर म्हणाली, हो, विसरले. त्याच दिवशी मी घर सोडलं."

नर्सबाईनं खिडकीजवळच्या कपाकडे बघितलं.

"आणखी काय म्हणायची ती, टेबल मांडताना?" ताईंनी विचारलं.

"म्हणायच्या, त्याला अर्धाच भर. सांडतो तो."

ताईंनी तोंडावर हात ठेवला. त्या रडल्या, मोठ्यानं, लहान मुलीसारख्या. मग उठून शेजारच्या खुर्चीवर बसल्या. खिडकीजवळचा कप कोणी हलवला नाही. नर्सबाईनं त्यांच्यासाठी दुसरा आणला. किटली नवऱ्यानं हातात घेतली. खिडकीजवळच्या कपात चहा ओतताना तो निम्म्यावर थांबला.

"पूर्ण भर," ताई म्हणाल्या. "आता मोठा झाला असेल."

कप काठोकाठ भरला. थोडा चहा बशीत सांडला, तो कोणी पुसला नाही.

एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं हे आपल्यापासून लपवलं, याचा नर्सबाईला राग यायला हवा होता. पण त्याच्याकडे बघून तिचं काळीज तुटलं.

"नाव काय होतं हो त्याचं?" तिनं विचारलं.

नवऱ्यानं नाव सांगितलं. ते नीट ऐकू आलं नाही. मग त्यानं किटली खाली ठेवली आणि पुन्हा एकदा सांगितलं, स्पष्ट.