अडतीस मुलांचा खांब

"यात काहीच होत नाहीये गं," गौरांग योगिनीच्या स्क्रीनकडे बघत म्हणाला. "दहा खांब आणि सगळे जवळजवळ सारखेच. बघताना झोप येते."

"आकडेच तसे आहेत," योगिनी म्हणाली.

"मग आकडे बदल," तो हसला आणि आपल्या जागेवर गेला.

नाशिकच्या त्या डिझाइन कॉलेजात तिसऱ्या वर्षाला, आकड्यांची हलती चित्रं करण्याचा प्रकल्प होता. गौरांगने क्रिकेट घेतलं होतं. योगिनीने आपल्या गावची प्राथमिक शाळा घेतली होती. सिन्नरच्या पुढे, शिर्डी रस्त्यालगतची दोन खोल्यांची शाळा. योगिनी तिथेच शिकली, आणि तिची आई तिथेच मुलांची खिचडी शिजवायची. दहा वर्षांपूर्वी शाळेत शेहेचाळीस मुलं होती, यंदा अडतीस. असंच चालू राहिलं तर शाळा बंद करून मुलांना पुढच्या गावच्या शाळेत पाठवतील, अशी धास्ती वाल्मीक गुरुजींनी घेतली होती. कुणाचं तरी शाळेकडे लक्ष जावं, एवढंच योगिनीला हवं होतं.

पण शेहेचाळीस आणि अडतीस यांतला फरक डोळ्यांत भरत नव्हता. म्हणून तिने खांब शून्याऐवजी पस्तिसापासून उभे केले. लगेच चित्र पालटलं. पहिला खांब उंच झाला, शेवटचा बोटभर उरला. मग तिने त्यात हालचाल भरली. एकेक वर्ष सरलं की खांब धपकन खाली यायचा आणि त्यावरचं दप्तरवालं छोटं मूल उडी मारून, पाठ फिरवून पडद्याबाहेर चालू लागायचं.

सरोजिनी मॅडमनी ते दोनदा पाहिलं.

"खालचा भाग कापलास?"

"हो मॅडम. नाहीतर काही जाणवतच नव्हतं."

"काप, पण कापल्याची खूण कर. बघणाऱ्याला कळायला हवं."

तिने खांबांच्या डाव्या बाजूला, तळाशी, नागमोडी रेघेची खूण केली. शिकवलं होतं तशीच. प्रदर्शनात ते शेवटचं मूल पडद्याबाहेर गेलं तेव्हा टाळ्या वाजल्या. वर्गात सगळ्यांत जास्त गुण तिला पडले.

तो व्हिडिओ तिने आईला पाठवला. संध्याकाळी आईचा फोन आला.

"योगे, लय भारी झालंय गं! आपली शाळा टीव्हीत असल्यावानी दिसती. गावाच्या ग्रुपवर टाकलं म्या. माझ्या पोरीनं केलंय म्हनून सांगितलं."

"काय म्हणतायत सगळे?"

"बोलत नाय कोणी. नुसते बघत्यात."

फोनच्या पडद्यावर ती नागमोडी रेघ मुंगीएवढी दिसत होती. आणि दिसली असती तरी तिचा अर्थ गावात कुणाला ठाऊक होता? लोकांनी पाहिलं ते एवढंच, की पोरं चालली आणि शाळा संपत आली. जूनमध्ये किराणा दुकानवाल्या मनोजने आपल्या मुलाचा दाखला काढला. शाळा बंदच पडणार असेल तर पोराला अर्ध्यातून कुठे घालायचं, त्यापेक्षा आधीच घातलेलं बरं, असा त्याचा हिशेब होता. शेवटी उरायची पाळी आपल्या पोरावर येऊ नये, असं मग सगळ्यांनाच वाटू लागलं. सिन्नरच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी रोज सकाळी फाट्यावर येऊन उभी राहू लागली.

योगिनी गावी गेली तेव्हा गुरुजी शाळेत दाखले लिहीत बसले होते. समोरची बाकं रिकामी होती.

"ये बाळ, बस." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि फोनवर तिचं चित्र लावलं. "मला एक सांग, पट अडतीस होता ना? मग हा खांब एवढा बुटका कसा?"

"पस्तिसापासून सुरू केलाय, गुरुजी. फरक दिसावा म्हणून."

"अस्सं." त्यांनी शेवटच्या खांबाच्या तळाशी बोट टेकवलं. "म्हणजे खांबाचे पाय तू जमिनीत पुरलेस."

"मी खूण केली होती. ही बघा."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती शोधली. सापडली तेव्हा मान हलवली.

"चुकलंच माझं," योगिनी म्हणाली.

"अगं, पहिलीतली पोरं मोजताना मधूनच सुरुवात करतात. मी काय त्यांच्यावर ओरडतो? परत एकपासून म्हणा, म्हणतो. तू पण परत कर."

तिने त्याच रात्री परत केलं, शून्यापासून. खांब सावकाश, जरा जरा उतरत होते. अडतीस मुलांचा खांब चांगला भक्कम दिसत होता. तिने ते ग्रुपवर टाकलं. खूप वेळाने मनोजचं उत्तर आलं: 'आता काय उपयोग ताई, फी भरून झाली.' बाकी कुणी काही लिहिलं नाही. आईने तेवढा अंगठा पाठवला.

पट सातवर आला आणि शाळेला कुलूप लागलं. गुरुजींची बदली पेठ तालुक्यात झाली. उरलेल्या सातांची नावं शिर्डी महामार्गापलीकडच्या, पुढच्या गावच्या शाळेत घातली. तिथे खिचडी शिजवायला आधीपासूनच एक बाई होती, त्यामुळे आईचं काम सुटलं. शाळेची मोठी पातेली टेम्पोत चढवताना आईने टेम्पोवाल्याला बजावलं, "हळू रे दादा, काठ चेपतो त्यांचा." योगिनीला ती एका शब्दानेही बोलली नाही. एकदा जेवताना योगिनीनेच विषय काढला, तर आई म्हणाली, "ग्रुपवर तर म्याच टाकलं व्हतं. जेव गप."

पुढे एकदा सुट्टी संपवून योगिनी सकाळच्या एसटीने नाशिकला निघाली. आई तिच्या आधीच घराबाहेर पडली होती. शेतावर निंदायला गेली असेल असं तिला वाटलं. फाट्यावर बस मिळाली, खिडकीची जागाही मिळाली. बसने वेग घेतला न घेतला तोच ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला.

"ओ मावशी! मरायचंय का?"

"थांब रे, पोरं हायेत," कंडक्टर म्हणाला.

रस्त्याच्या मधोमध आई उभी होती. एका खांद्यावर दोन दप्तरं होती, आणि एक हात बससमोर उंच धरलेला. तिच्या पाठीमागून बंद पडलेल्या शाळेतली ती सात मुलं एकमेकांचे शर्ट धरून रस्ता ओलांडत होती. शेवटच्या लहानगीची चप्पल मध्येच निसटली. आई वाकली आणि एका हाताने तिच्या पायात चप्पल सरकवू लागली. दुसरा हात तसाच वर होता.

मागच्या ट्रकने हॉर्न वाजवला. सगळी पलीकडे पोचल्यावर आईने हात खाली घेतला, पदराने तोंड पुसलं आणि ती मुलांच्या मागे उतारावरून चालू लागली. बसमध्ये कोण बसलंय हे तिने पाहिलं नाही.