कपूरथल्याच्या थांब्याचं तिकीट

मी तिकीट बोलतोय. लखनौच्या शहर बसचं, दोन बोटं रुंद, गुळगुळीत पांढऱ्या कागदाचं. हल्ली माझ्यावर काहीच दिसत नाही, म्हणून तुम्ही मला रद्दीचा तुकडा समजाल. खुशाल समजा. पण ऐकून घ्या, कारण मी फार चिडलेलो आहे.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी कंडक्टरच्या हातातलं यंत्र टर्र वाजलं आणि मी जन्मलो. अंगावर तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक आणि 'इंदिरा नगर ते कपूरथला', म्हणजे लखनौतलाच एक चौक. शाई नाहीच, उष्णतेनं उमटलेली अक्षरं. आमच्या जातीचं आयुष्य थोडंच. बहुतेक भावंडं बसच्या पायरीशी चुरगळून पडतात, काहींनी लोक कान कोरतात. मला मात्र सुचित्राताईंनी घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.

ताई मूळच्या मिरजेच्या. नवरा श्रीरंग हवाई दलात होता. निवृत्तीनंतर दोघं इथेच राहिले. ताई वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत तंत्रज्ञ. रोपाच्या देठाचा केसाहून पातळ काप काढायचा आणि तो न फाटता काचेवर बसवायचा, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. मोठमोठे शास्त्रज्ञ अडून बसायचे, "काप सुचित्राजींच्याच हातचा हवा."

तो हात उजवा होता.

कपूरथल्याला बस थांबली. ताईंचा एक पाय खाली, दुसरा पायरीवर, हात दांड्याला. तेवढ्यात शेजारून दुसरी बस पुढे निघाली आणि पुढच्या थांब्यावरचे प्रवासी हातचे जातील म्हणून ड्रायव्हरनं गाडी दामटली. ताई फरफटल्या. मागचं चाक मनगटावरून गेलं. बस थांबलीसुद्धा नाही.

दोन शस्त्रक्रिया झाल्या. हात राहिला, पण बोटांतली पकड गेली. पोलिसांच्या कागदावर मात्र ओळ पडली : 'महिला स्वयं फिसलकर गिरी.' पडणाऱ्याला विचारायला कुणी इस्पितळात आलंच नाही.

आले ते तिवारीजी. बस चालवणाऱ्या खासगी कंपनीचा माणूस, हातात सफरचंदांची पिशवी.

"भाभीजी, बहुत बुरा हुआ. मगर आप तो ड्यूटी पर जा रही थीं न? तो यह लेबर वाला मामला है, आपका दफ़्तर देखेगा. मोटर वाली कचहरी में मत पड़िए, उम्र निकल जाएगी." आणि त्यांनी एक कागद पुढे सरकवला : कंपनीविरुद्ध माझी काही तक्रार नाही. "दस्तख़त न हो पाए तो अंगूठा ही लगा दीजिए."

ताईंनी प्लास्टरमधला हात वर केला. "कौन-सा अंगूठा, तिवारीजी?"

तिवारीजींनी कागद खिशात घातला. पण येणं काही थांबवलं नाही.

"सुचित्रा, माणूस बरा वाटतो गं," श्रीरंग म्हणाला. "सांगतोय तसं करून बघू. उगाच कोर्टकचेरी कशाला?"

सही ताईंनी केली नाही, पण श्रम कार्यालयाच्या खेपा सुरू झाल्या. आज साहेब नाहीत, पुढच्या महिन्यात या, अमका दाखला आणा. तिसऱ्या खेपेला एका अधिकाऱ्यानं चष्मा काढून विचारलं, "बस आपके संस्थान की थी? ड्राइवर संस्थान का था? फिर यहाँ क्यों चक्कर काट रही हैं?"

या साऱ्या काळात मी प्लास्टिकच्या पाकिटात होतो. श्रीरंगनं जपावं म्हणूनच ठेवलं होतं. पण त्या प्लास्टिकनंच माझी अक्षरं झपाझप खाल्ली. आधी वेळ गेली, मग थांब्याचं नाव.

शेवटी कुणीतरी कैसरबागेतल्या निगहत रिज़वी वकीलबाईंचं नाव सुचवलं. त्यांनी आधी हात नाही पाहिला, तारीख विचारली.

"पाँच महीने उन्नीस दिन! इतने दिन किसने रोका?"

"तिवारीजी ने."

रिज़वीबाईंनी पेन खाली ठेवलं. "दावे की मियाद छह महीने है. वह आपको ग़लत दरवाज़े पर इसलिए खड़ा रखे था कि सही दरवाज़ा बंद हो जाए. लेबर का क़ानून आपके और आपके मालिक के बीच की बात है. सड़क पर बस ने कुचला, तो मोटर वाहन क़ानून. बस में बैठी हों, उतर रही हों या सड़क पर खड़ी हों, क़ानून वही."

बाहेर आल्यावर श्रीरंग जिन्यातच उभा राहिला. कान लाल झाले होते. "मला फसवलं गं त्यानं."

"तू त्याला चहा दिलास, श्रीरंग," ताई म्हणाल्या. "चार वेळा." एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुदत संपायला चार दिवस असताना मोटर अपघात न्यायाधिकरणात दावा दाखल झाला. तिथे कंडक्टरनं शपथ घेऊन सांगितलं, "यह तो हमारी बस में थीं ही नहीं." ज्यानं स्वतःच्या हातानं मला फाडून दिलं, तो माणूस हे बोलला! रिज़वीबाईंनी मला पुढे केलं. न्यायाधीशांनी मला ट्यूबलाइटसमोर धरलं. कोरा! समोरचा वकील हसला. मला लाजेनं पेटून जावंसं वाटलं.

मग श्रीरंग उठला. ताई कामावरच निघाल्या होत्या हे कळावं म्हणून त्यानं अपघाताच्या दिवशीच रजेच्या अर्जासोबत संस्थेला माझा फोटो पाठवला होता. संस्थेच्या कार्यालयानं तो तारखेसकट दिला. यंत्राचा क्रमांक कंडक्टरच्याच यंत्राचा निघाला. त्यानं पाणी मागितलं.

कंपनीच्या वकिलानं तरी लेबरचा धोशा सोडला नाही. न्यायाधीशांनी विचारलं, "इनके मालिक आप हैं?"

"जी नहीं."

"तो मालिक-मज़दूर का क़ानून आपको क्यों याद आ रहा है?"

निकालात स्पष्ट लिहिलं आहे : बाई उतरत असताना चालकानं बस सुरू केली; भरपाई मोटर वाहन कायद्यानं. ताईंनी ती ओळ दोनदा मोठ्यानं वाचली. कंपनी आता वरच्या कोर्टात गेली आहे. "जाऊ देत," ताई म्हणाल्या, "आपणही जाऊ." संस्थेत त्या आता नव्या मुलींना शिकवतात. काप जाड आला की त्यांची डावी मूठ आवळते.

मी दप्तरात टाचून पडलो आहे, पाठीवर कोर्टाचा शिक्का घेऊन. मला तुमची दया नको. माझी भावंडं हाती आली की त्यांचा फोटो काढून ठेवा, आणि सफरचंदं घेऊन कुणी आलं तर आधी वकिलाचा पत्ता शोधा, मग त्याला चहा द्या. आणि त्या यंत्रवाल्यांना माझा एक निरोप सांगा : भाडं छापता, थांबा छापता, तसं हेही छापा, की दोन्ही पाय जमिनीला टेकेपर्यंत माणसाचा प्रवास संपत नाही. आणि छापाल ते न पुसणाऱ्या शाईत छापा.