बॉनेटवरचे दोन ठोके

"डावं जागं झालं का गं? उजवं जागं झालं का?
दोन्ही पाय रोवल्यावाचून डोंगर कुणी चढलं का?"

आबांचा आवाज काही गोड नव्हता. वर्षानुवर्षं इंजिनाच्या घरघरीवर चढवून चढवून तो खरबरीत झाला होता. पण चढाच्या पायथ्याशी गाडी थांबली की त्याच आवाजात हे दोन चरण यायचे, आणि मागे औषधांच्या खोक्यांत अंग चोरून बसलेल्या पोरीला वाटायचं, आता डोंगर आपला झाला.

आबा डोंगरावरच्या दवाखान्यांना औषधं पोहोचवायचे. खात्याची गाडी जुन्या घडणीची, वेळ पडली तर चारही चाकांनी ओढणारी. सपाट रस्त्यावर पुढची दोन चाकं नुसती सोबतीला फिरायची. चढ आला, चिखल आला, की खाली उतरायचं आणि पुढच्या प्रत्येक चाकाच्या मध्यावरची बशीएवढी चकती हाताने फिरवायची. मग ते चाक कामाला लागायचं. मिस्त्रीलोक त्या चकतीला हब म्हणतात. आबा म्हणायचे, चाक जागं करायचं. डावं जागं केलं की बॉनेटवर एक ठोका, उजवं केलं की दुसरा. दोन ठोके कानी आल्याशिवाय आबा गिअरला हात लावत नसत. "ठोका म्हणजे शब्द," ते म्हणायचे. "एकदा दिला की दिला."

ती पोरगी आता पंचावन्न वर्षांची झाली आहे आणि गाड्यांच्या सीटा शिवते. गॅरेजच्या आवाराला चिकटून तिची एक लांबट खोली आहे. आत जाड सुईचं मशीन, रेक्झिनचे गुंडाळे, फोमच्या लाद्या आणि सगळीकडे दोऱ्याचे तुकडे. भाची लहानपणापासून तिला आत्या म्हणत आली, म्हणून मिस्त्रीपासून चहावाल्यापर्यंत सगळ्या गल्लीचीच ती आत्या झाली. काहीजण तर तिच्याहून वयाने मोठे आहेत. पण हाक मारताना कोण वय बघतं?

त्या रविवारी सकाळी आवारात दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक कोरी करकरीत, पांढरीशुभ्र, शोरूममधून चालवून बघायला आणलेली. दुसरी मिस्त्रीची, शेवाळी रंगाची, तीस-बत्तीस वर्षांची. घडणीने थेट आबांच्या गाडीची धाकटी बहीण. मिस्त्रीने तिचं इंजिन उतरवून, घासूनपुसून, पुन्हा बसवलं होतं. सीटा आत्याने नव्याने शिवल्या होत्या. मागची तेवढी राहिली होती. ती मांडीवर घेऊन आत्या दारातच टाके घालत बसली होती.

गाडी हवी होती भाचीला. जनावरांची डॉक्टर ती. डोंगरावरच्या दवाखान्यात नेमणूक झाली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. म्हणजे आज काय ते ठरायला हवं. चालवणार ती, पण ठरवणार तिचा बाप. आत्याचा दादा.

दादाचं सगळंच नवलाचं. अडतीस वर्षांत त्याने स्टिअरिंगला हात लावला नव्हता, आणि गाड्यांबद्दल त्याच्याइतकं त्या गल्लीत कुणाला कळत नव्हतं. विमा कंपनीत अपघातांचे कागद तपासण्यात त्याची सारी नोकरी गेली. कुठल्या गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच, कुठली कितव्या वर्षी गिअरबॉक्सचं दुखणं काढते, सगळं तोंडपाठ. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी तो इथे लाकडी बाकावर येऊन बसायचा आणि लोक आपापल्या गाड्यांच्या कुंडल्या त्याच्यासमोर मांडायचे. मिस्त्री म्हणायचा, "आमचे दादा म्हणजे पोहण्यावर पुस्तक लिहिणारे, पण कायम काठावर!" यावर सगळ्यांत मोठ्याने दादाच हसायचा. तो हसला की आत्याचा टाका तेवढा वाकडा पडायचा.

"सर, ही गाडी स्वतः विचार करते," शोरूमवाला मुलगा सांगत होता. कडक इस्त्रीचा शर्ट, बुटांना अजून आवारातली माती लागलेली नव्हती. "कुठलं चाक घसरतंय ते तुमच्या आधी तिला कळतं. लगेच त्या चाकाची ताकद काढून दुसऱ्याला देते. तुम्ही फक्त बसायचं."

"आणि तिचं डोकं फिरलं म्हणजे?" मिस्त्रीने हात पुसत विचारलं. "डोंगरावर लॅपटॉप घेऊन कोण येणार? तू?"

"येऊ की! चोवीस तास सेवा आहे आमची."

"कशातून येशील?"

"अशाच गाडीतून."

"ती तर बिघडून पडलीय म्हणतोय मी!"

आवार हसलं. मुलगाही हसला, पण तोही कच्चा नव्हता. "काका, तुमची ही म्हातारी बिघडत नाही वाटतं?"

"बिघडते ना. पण सांगून बिघडते. खडखडते, धूर सोडते, चार शिव्या देते. तुझी नुसता पिवळा दिवा लावते आणि गप्प बसते, फुगलेल्या जावयासारखी. काय हवंय ते आपण ओळखायचं!"

"म्हातारीला एअरबॅग आहेत?"

"आत्याने एवढा जाड फोम घातलाय, ती काय कमी आहे?"

"मला मधे ओढू नका," आत्या दोरा दातांनी तोडत म्हणाली. "मी पाठीची जबाबदारी घेते, डोक्याची नाही."

भाची शेवाळी गाडीच्या मडगार्डला टेकून उभी होती. "बाबा, मला ही आवडलीय. वर काही मोडलं तर तारेने बांधून खाली तरी आणता येईल."

"आवडायला ती काय साडी आहे?" दादा म्हणाला. "नवी घे. हप्त्यांचं आपण बघू."

"का पण?"

"नव्या गाडीत माणसाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. माणूस विसरतो."

हे तो हसत म्हणाला नाही. आत्याने सुई रेक्झिनमध्ये खुपसली आणि तिथेच राहू दिली.

मग दोन्ही गाड्या चालवून बघायच्या ठरल्या. गॅरेजच्या मागे बंद पडलेल्या खाणीकडे जाणारा एक चढ आहे. रात्री पाऊस पडून गेल्यामुळे तो नुसता लोण्यासारखा झाला होता. आधी नवी गेली. भाची चालवायला, शोरूमवाला शेजारी. गाडी मधे जराशी थबकली, चाकांखालून चिखल उडाला, आत काहीतरी हलकेच कुरकुरलं आणि ती सरळ वर निघून गेली. ना कुणी उतरलं, ना कुणी ओरडलं. खाली उभ्या दादाचा चेहरा सैल झाला.

"बघ," तो आत्याला म्हणाला. "आबांना अशी मिळाली असती तर."

आत्याने रेक्झिनमधली सुई ओढून काढली. बोलायचं होतं ते अडतीस वर्षं जिभेच्या मुळाशी बसलं होतं. आधी दादाचं लग्न होऊ दे म्हणून ठेवलं, मग आबांचं दुखणं सरू दे म्हणून. आबा गेल्यावर तर सांगायचं कुणाला, असं वाटायला लागलं. जणू दादा तिथे नव्हताच. वर्षं साठत गेली तसं ते इतकं जड झालं की उचलायला हात घालायचीच भीती वाटे.

नवी खाली आली. भाची उतरली आणि शेवाळी गाडीत चढून तिने ती चढाच्या पायथ्याशी नेली. तिथे पुन्हा उतरली. डाव्या चाकापाशी वाकली, चकती फिरवली. बॉनेटवर ठक्. पुढून वळसा घालून उजवीकडे गेली. ठक्.

ते दोन आवाज आले आणि आत्याला औषधांचा, ओल्या खोक्यांचा आणि आबांच्या लोकरी टोपीचा वास एकदम आला. सतरा वर्षांची होती ती. आबा पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर बसले होते आणि दादाच्या हातात स्टिअरिंग होतं, कारण पुढे ती नोकरी दादाला मिळायची होती. दादा किती ऐटीत उतरला होता! दोन ठोके दिले होते ते टाळ्या दिल्यासारखे.

दादा चालायला लागला होता. गुडघ्यांवर हात ठेवत तो डाव्या चाकापाशी वाकला, चकती हलवून बघितली. मग उजव्यापाशी गेला, तिथेही हलवून बघितली.

"बाबा, मी दोन ठोके दिले की," भाची म्हणाली. तिचा आवाज दुखावला होता. "ऐकले नाहीत तुम्ही?"

"ऐकले."

"मग? माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे गं. आपल्या रक्तावर नाही." दादा चाकाला धरून उभा राहिला. "तुला मी अर्धंच सांगितलंय. तुझ्या आजोबांचा गुडघा माझ्या हातून गेला, एवढंच. बाकीचं ऐक. मी असाच उतरलो होतो. दोन ठोके दिले. वरच्या चढाला गाडी घसरली, मागे मागे जात चरात पडली. आबांच्या बाजूचं दार उघडलं आणि त्यांचा पाय त्या दाराखाली सापडला. गाडी वर काढली तेव्हा खात्याचा मिस्त्री म्हणाला, डावं लागलेलं आहे, उजवं मोकळं. म्हणजे पुढची ओढच नव्हती. एक चाक विसरलो, ते एक वेळ चाललं असतं. पण ठोका दोनदा दिला मी. न केलेल्या कामाचा ठोका दिला. आबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, 'ठोके मात्र दोन ऐकले होते मी.' पुढे औषधांच्या कोठारात स्टुलावर बसून खोकी मोजत राहिले, आणि घरात पुन्हा कधी ते दोन चरण म्हणाले नाहीत."

मिस्त्रीने मान खाली घातली. शोरूमवाल्या मुलाने हातातली किल्ली खिशात टाकली.

"मला अजून आठवतं, दोन्ही फिरवली होती," दादा स्वतःच्या तळव्यांकडे बघत म्हणाला. "रात्री झोपेतसुद्धा हाताला आठवतं. पण हातसुद्धा खोटं सांगतात, हे मी तेव्हा शिकलो. म्हणून म्हणतो पोरी, नवी घे. जिच्यात ठोकाच द्यावा लागत नाही अशी घे."

भाचीने डोळे पुसले. "ठीक आहे बाबा. नवी घेते."

ती शेवाळी गाडीची किल्ली मिस्त्रीला परत द्यायला वळली, आणि आत्याला कळलं की आता आपण गप्प राहिलो तर हे पुढे चाललं. दादापाशी थांबलं नाही, पोरीच्या ओंजळीत जाऊन पडलं. आपले हात खोटं सांगतात असं समजून ही पोर उद्या गाईच्या पोटात हात घालणार.

मांडीवरची सीट बाजूला ठेवून ती उठली. दारापासून चढाच्या पायथ्यापर्यंतची वीस-पंचवीस पावलं तिला त्या साऱ्या डोंगराएवढी लांब वाटली. दादा आपल्याकडे यापुढे बघणार नाही, रविवारचा बाक रिकामा राहील, भाची आत्या म्हणताना जरा थांबेल. हे सगळं चालता चालता तिच्या मनात येऊन गेलं. चिखलात चप्पल रुतली, ती तिथेच सोडून ती अनवाणी पुढे गेली.

"दादा."

"काय गं? काय झालं?"

"खालच्या चढाला जागी केली होतीस ना चाकं? तिथून मधल्या दवाखान्यापर्यंत आलो. तिथे सपाट फरशीचा रस्ता होता, आठवतो?"

"आठवतो. खोकी उतरवली आपण."

"तुम्ही दोघं खोकी घेऊन आत गेलात. मी गाडीपाशी होते." तिने उजव्या चाकावर हात ठेवला. "आबा नेहमी म्हणायचे ना, कडक रस्त्यावर पुढची चाकं झोपू द्यावीत. मला वाटलं, न सांगता करून ठेवू, आबा शाबासकी देतील. हे उजवं मी मोकळं केलं. डाव्याकडे निघाले आणि नर्सने आतून हाक मारली, सलाइनच्या बाटल्या मोजून घे म्हणून. मोजल्या. बाहेर आले तर तू स्टिअरिंगवर बसलेला, आबा म्हणत होते चला चला, अंधार पडायच्या आत वरचा चढ चढायचाय. मी मागे जाऊन बसले. आबांनी तुला विचारलं, 'जागी आहेत ना दोन्ही?' तू हो म्हणालास. तेव्हासुद्धा मला आठवलं नाही. गाडी मागे सरकायला लागली तेव्हा आठवलं."

दादा तिच्याकडे बघत राहिला.

"चरातून गाडी काढताना मी तिथेच उभी होते. मिस्त्री म्हणाला, उजवं मोकळं. तोंड उघडणार, तेवढ्यात तू म्हणालास, 'माझी चूक.' आणि मी तुझ्या त्या शब्दाआड लपले. आजपर्यंत."

वर खाणीच्या कडेवरून एक दगड घरंगळत आला आणि चिखलात रुतून थांबला. आत्याने दादाचा हात धरला, तो उचलून शेवाळी गाडीच्या थंड बॉनेटवर ठेवला, आणि तिच्या तोंडून आबांसारखा खरबरीत आवाज निघाला.

"तुझ्या हातांनी कधी खोटं सांगितलं नाही रे, दादा. तुझे दोन्ही ठोके खरे होते."