दोन ठसक्यांचं इंजिन

आर्डिथ प्रुइटला नवऱ्याची बोट विकायची होती, पण कुणाच्याही गळ्यात मारायची नव्हती. हार्लन जाऊन दोन वर्षं होत आली. तेव्हापासून बोट धक्क्यावरून उचलून शेडमध्ये ट्रेलरवर ठेवलेली. पाण्याबाहेर बसून राहिलेली बोट आतल्या आत मरते, हे गंटर्सव्हिल तलावाच्या काठी शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यात शेडचं छप्पर गळायला लागलेलं. आणखी एक हिवाळा गेला असता तर बोटीतलं लाकूड कुजलंच असतं.

याआधी दोन गिऱ्हाइकं येऊन गेली होती. दोघांनाही हवं होतं नुसतं इंजिन. एकाने तर तोंड वर करून सांगितलं, इंजिन मी काढून नेतो, खालच्या टरफलात तुम्ही झेंडू लावा. आर्डिथने त्याला बर्फ घातलेला चहासुद्धा विचारला नाही. ज्या बोटीवर हार्लनने उभा जन्म बास मासे धरले, तिची कुंडी करायला निघाला होता मेला.

तिसरा आला तो डेल्मर गेन्स. पलीकडच्या खाडीवर राहणारा, साठीचा, कमी बोलणारा, त्याच्या चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्रीच्या हाताखालचा सेवेकरी. फोनवर त्याने एवढंच सांगितलं होतं की बोट अख्खी हवी, मासे धरायला हवी. आर्डिथला वाटलं, आला बाई एकदाचा माणूस. हा नाही म्हणाला तर बोट सुटी होऊन भंगारात जाणार, हे तिला दिसत होतं.

ऑक्टोबरचा शनिवार होता, सकाळची वेळ, हवेत चांगलाच गारठा. डेल्मरने आल्या आल्या बूट काढले आणि मोज्यांवर बोटीत चढला. बोटीतल्या गालिच्यावर तो पाय दाबत दाबत फिरला, कुठे मऊ लागतंय का ते बघत. मग खाली उतरून जमिनीवर पाठ टेकून बुडाखाली शिरला. ट्रेलरची चाकं फिरवून कान लावले. इंजिन जिला टांगलेलं असतं ती मागची जाड फळी त्याने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकली, बाजारात कलिंगड ठोकतात तशी. शेवटी इंजिन अर्धं वर उचललं आणि त्याच्या खालच्या पायावर स्वतःच उभा राहून अंगाचा भार देत हिंदकळला. फळी आतून कुजलेली असली तर तेव्हा वाकते. वाकली नाही.

आर्डिथ दाराशी हाताची घडी घालून उभी होती. दात बघा, चालून दाखवायला सांगा, सगळं बघून घ्या एकदाचं, असं तिच्या जिभेवर आलं होतं. पण तिने गिळलं. हार्लनही दुसऱ्याची बोट बघायला गेला की असाच छळायचा.

डेल्मरने इंजिनच्या तळाचा स्क्रू सैल करून तेलाचा थेंब बोटावर घेतला. पाणी शिरलं असतं तर तेल दुधाळ झालं असतं. ते स्वच्छ होतं. आता त्याचा चेहरा जरा सैलावला.

"आज सकाळी इंजिन सुरू केलं होतं का, बाई?" त्याने सहज विचारलं.

"छे," आर्डिथ म्हणाली. "महिनोन्महिने कुणी हात लावला नाही."

हे साफ खोटं होतं, आणि ते तिच्या तोंडून का निघालं ते तिचं तिलाच कळलं नाही. नाही, कळलं होतं. लाज वाटली होती तिला.

कारण त्या दिवशी उजाडताच तिने शेडमध्ये येऊन इंजिन सुरू केलं होतं. त्याच दिवशी कशाला, दर शनिवारी करायची. इंजिन जमिनीवर कोरडं चालवलं तर जळतं, म्हणून पाणी ओढायच्या भोकांवर दोन रबरी कप चढवायचे, त्यांना नळाची नळी जोडायची आणि चावी फिरवायची. हार्लन असताना शनिवार असाच उजाडायचा. ती स्वयंपाकघरात कॉफी ठेवायची आणि खाली धक्क्यावरून इंजिन एकदा ठसकायचं. लगेच हार्लनची शिवी. मग दुसरा ठसका, दुसरी शिवी. तिसऱ्या वेळी धरायचं. ती खिडकीतून ओरडायची, उद्या याच तोंडाने देवाचं नाव घ्यायचंय तुम्हाला. तो हात हलवून निघून जायचा. तीस-पस्तीस वर्षं हेच. आता हार्लन नव्हता, शिव्याही नव्हत्या. ठसके तेवढे उरले होते, ते ऐकायला ती शेडमध्ये जायची. हे तिने सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. परक्या पुरुषाला काय सांगणार?

डेल्मरने इंजिनचं झाकण काढलं आणि आत पंजा टेकवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग हात काढून चिंधीला पुसला, स्क्रूड्रायव्हर पेटीत टाकला आणि बूट चढवायला लागला.

"बोट चांगली ठेवलीये तुम्ही," तो म्हणाला. "येतो मी."

आवाज चढवला नाही, दोष दिला नाही. टोपीला हात लावून तो पिकअपकडे चालायला लागला.

इंजिन अजून गरम होतं आणि ते त्याच्या हाताला लागलं, हे आर्डिथला कळलं. तलावावरचा हा नियम तिला पाठ होता, हार्लनच घोकायचा. गिऱ्हाईक यायच्या आधी जो इंजिन तापवून ठेवतो, त्याला काहीतरी लपवायचं असतं. गार इंजिन रडतं, गरम इंजिन हसतं, म्हणजे तापलेलं असलं की खोड न दाखवता पटकन सुरू होतं. गरम इंजिन दाखवणाऱ्याच्या दारात क्षणभरही उभं राहू नये. आणि तिने तर वर खोटंही सांगितलं होतं. दोन वर्षं जे लपवलं, त्यानेच बोटीवर पाणी फिरत होतं. पिकअप सुरू झाली तशी ती धावली, तिच्या गुडघ्यांना जमेल तशी, आणि तिने खिडकीवर थाप मारली.

डेल्मरने काच खाली केली.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "सकाळी मीच सुरू केलं होतं. दर शनिवारी करते. काही लपवायला नाही. तो आवाज ऐकायला करते. माझा नवरा शनिवारी त्या आवाजाबरोबर जायचा."

  डेल्मरने पिकअप बंद केली.

"गारठ्यात कसं सुरू होतं?"

"दोनदा ठसकतं, तिसऱ्यांदा धरतं. मधे हार्लन शिव्या द्यायचा. प्रत्येक ठसक्याला एक."

"मग गार होऊ देऊ," डेल्मर म्हणाला. "मला वेळ आहे."

इंजिन तापलेलं होतंच, तर डेल्मरने तेवढ्यात एकेका सिलिंडरमधला दाब मोजून घेतला. काटा सगळीकडे जवळपास एकाच जागी थांबला. नेमाने चालवलेल्या इंजिनाचं असंच असतं, असं तो स्वतःशीच पुटपुटला. मग आर्डिथने त्याला ओसरीवर बसवलं, राजम्यासारखी घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव वाढला. जेवता जेवता त्याची जीभ जरा सुटली. त्याला एकदा असंच गरम इंजिन विकलं होतं कुणीतरी. पहिल्याच थंड सकाळी तो बायकोला घेऊन गेला आणि तलावाच्या मधोमध ते बंद पडलं ते पडलंच. दुपारपर्यंत बोट हाताने वल्हवत काठाला आणली. त्यानंतर बायकोने बोटीत पाय ठेवला नाही, आणि घरात तो विषय निघाला की अजून ताट आपटतं. आर्डिथ हसली. बऱ्याच दिवसांनी.

ऊन कलल्यावर दोघं शेडमध्ये गेले. डेल्मरने आत पंजा ठेवला, मग तिलाही ठेवायला लावला. इंजिन दगडासारखं गार होतं. त्याने कप चढवले, नळ सोडला.

 आज नेमकं पहिल्याच फटक्याला सुरू झालं तर आर्डिथ पुन्हा खोटी ठरणार होती, आणि मुळीच नाही झालं तर विचारायलाच नको. आयुष्यात पहिल्यांदाच ती देवाकडे इंजिनाने ठसकावं म्हणून मागत होती.

डेल्मरने चावी फिरवली. ठसका. शांतता. त्याने पुन्हा फिरवली. ठसका.

तिसऱ्यांदा धरलं.

डेल्मरने तिच्याकडे बघून एकदाच मान हलवली. व्यवहार तिथेच झाला. संध्याकाळी बोट पिकअपच्या मागे फाटकातून बाहेर पडली, आणि आर्डिथ रिकाम्या शेडमध्ये उभी राहून रडली. अख्खी गेली, पाण्यात जाणार, हे सगळं खरं होतं. तरी रडली.

पुढच्या शनिवारी ती सवयीने अंधारातच उठली. शेडकडे जायचं काही कारण नव्हतं. कॉफी ठेवली, खिडकी उघडली. तलावावर धुकं होतं, पाणी निपचित पडलेलं. अशा वेळी पलीकडच्या काठावर कुणी खोकलं तरी ऐकू येतं.

पलीकडच्या खाडीवर, बोटी पाण्यात सोडायच्या उतारावर, एक इंजिन ठसकलं आणि गप्प झालं.

आर्डिथ कान देऊन थांबली. काहीच नाही. मग तिच्या ध्यानात आलं, डेल्मर डीकन आहे, तो कशाला शिवी देतोय. ठसका तसाच मोकळा पडून राहिला होता, आणि ते तिला सहन होईना. जन्मात जी कधी उच्चारली नव्हती, ती हार्लनची शिवी तिने खिडकीतून तलावाकडे तोंड करून हासडली, खणखणीत.

दुसरा ठसका आला. तिने दुसरीही दिली.

आणि इंजिनाने धरलं.